टाचणीबाईची रिकामी गव्हाण

यंदा नाताळच्या आधी आमच्या इमारतीत बातमी पसरली, की टाचणीबाईने देव सोडला. तळमजल्यावर ही बातमी 'म्हणे' लावून सांगितली जात होती. दुसऱ्या मजल्यावर 'म्हणे' गळून पडलं, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाई पाद्रीबाबांशी कडाकडा भांडून आली होती. बातमी जिना चढत माझ्याकडे आली की माझ्या दारातून निघून जिना उतरली, या वादात आता पडण्यात अर्थ नाही.

बातमी खोटी होती, हे मात्र लगेच सांगून टाकतो. टाचणीबाई एक वेळ श्वास सोडील, पण हातात धरलेलं काही सोडणार नाही, मग ती कात्री असो, देव असो, की एखाद्याचं मानगूट असो. झालं होतं एवढंच, की दरवर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी तिच्या खिडकीत येशूजन्माचा गोठा मांडला जातो आणि रस्त्यावरून जाणारा-येणारा मान वर करून बघतो. यंदा गोठा मांडला, आणि आठवड्याच्या आत त्यावर चादर पडली. चादरीमागे काय आहे हे दिसेना, तेव्हा लोकांनी आपापल्या मनाने पाहून घेतलं.

टाचणीबाई माझ्या समोरच्या दारात राहते. कपडे दुरुस्त करते. पँट आखूड, कोट सैल, चेन तुटली, अस्तर उसवलं, सगळं तिच्याकडे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करते, म्हणून हे नाव. मी तिला तोंडावर आत्या म्हणतो. तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नाही, आणि टाचण्या काढून बोलली की टाचण्या परवडल्या असं वाटतं. तिचा मूळ स्वभाव संशयी. धुतल्यावर कपडा आटला, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर तिचा आजवर विश्वास बसलेला नाही. "कपडा आहे तेवढाच आहे," ती टेप लावत म्हणते, "काय वाढलंय ते मला विचारू नका, आरशाला विचारा."

घरात ती, तिचा मुलगा आणि सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलण्यातही मधल्याच मजल्यावर अडकतो. सून गेल्या वर्षी आली. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवते. तीही ख्रिस्तीच, पण तिच्या माहेरच्या चर्चमध्ये मूर्ती ठेवत नाहीत. तिथे वाचन, प्रार्थना आणि गाणी, बस. टाचणीबाईने ही गोष्ट लग्नाच्या दिवशीच मनात टाचून ठेवली होती.

आता त्या गोठ्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिथूनच झालं.

टाचणीबाईचे सासरे सुतार. मरिया, योसेफ, मेंढरं, मेंढपाळ आणि बाळ येशू, सगळे त्यांनी आपल्या हातांनी कोरलेले. घराला एक नियमही त्यांनीच घालून दिला. पहिल्या रविवारी मांडताना गव्हाण अगदी रिकामी ठेवायची. मग घरातल्या कुणी कुणाला न सांगता एखादं चांगलं काम केलं, की हळूच त्या गव्हाणीत थोडं अंथरूण घालायचं. सासऱ्यांच्या काळात रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाचे कुरळे पापुद्रे घालत. टाचणीबाईच्या राज्यात शिवणाचे उरलेले धागे आले. ज्याने काम सांगून टाकलं, त्याचा धागा बाद. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायची, जन्माचा भाग वाचायचा, मग घरात सगळ्यांत नवीन आलेल्या माणसाने बाळाला आणून त्या अंथरुणावर निजवायचं. त्याच्याआधी घरात रंगीत दिवे नाहीत, केक नाही, काही नाही.

"दिवे काय, दुकानवालेसुद्धा लावतात," ती म्हणते. "जगाच्या धन्याला झोपायला जागा मिळाली नव्हती. आमच्या घरी तो आला तर त्याचं अंथरूण तयार पाहिजे."

संशयी बाईच्या घरात गुपचूप चांगलं करायचा नियम! विचार करा. दरवर्षी गव्हाणीत नवा धागा दिसला की ती बेचैन. हिरवा आहे, म्हणजे हा लिफ्टवाल्याचा असणार. काय केलं असेल त्याने? कुणासाठी? कधी? एकदा तर तिने मलाच विचारलं, "हा पिवळा कुणाचा रे? तू तर नाही टाकलास?" मी म्हटलं, "आत्या, माझ्यावर असला आळ घेऊ नका."

वर्षभर बाळ येशू असायचा शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. ड्रॉवरला कुलूप नाही. "कुलूप लावलं की आत काहीतरी आहे हे चोराला कळतं," हे तिचं तत्त्वज्ञान. बाळाचं गुंडाळणंसुद्धा तिचं खास होतं, अगदी गळ्यापर्यंत घट्ट. गव्हाणीत ठेवतानाही फडकं तसंच. त्याचा फक्त चेहरा दिसायचा. मी एकदा म्हटलं, "जरा हातपाय मोकळे करू द्या की लेकराला." तर म्हणे, "थंडीचा जन्म आहे त्याचा. तुझा नाही."

तर यंदा, खिडकीवर चादर पडली त्याच दिवशी, तिने मला दारातून बोटाने बोलावलं, आत घेतलं, कडी लावली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मला वाटलं, माझं काही खरं नाही.

"परवा तू कात्री मागायला आला होतास."

"आलो होतो. परत दिली की."

"कात्रीचं नाही विचारत. ड्रॉवर उघडलास?"

मी शपथ घेतली. तिने माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, आणि हा मूर्ख आहे पण चोर नाही, असा काहीसा निकाल देऊन ड्रॉवर उघडला. फडक्याची गुंडाळी होती तशी होती. तिने ती सोडली. आत दोऱ्याचं लाकडी रीळ.

"बाळ गेलं. ते मिळेपर्यंत रस्त्यावरच्यांना गोठा दाखवायचा नाही," ती म्हणाली. "आणि नेणारा साधासुधा नाही. रीळ ठेवून गेलाय, हाताला जड लागावं म्हणून. पण घडी उलटी घातलीय. मी उजवीकडून घालते, ही डावीकडून आहे."

"पण लाकडाचं बाळ कोण कशाला नेईल?"

"ज्याला ते इथे नको असेल तो." मग एकदम आवाज खाली आणून, जरा वेगळ्याच चेहऱ्याने ती म्हणाली, "त्यानं फडकं सोडून बघितलं असेल का रे? नीट? बाळाला?"

चोरी झाली याहून चोराने बाळ उघडून पाहिलं का, याची काळजी तिला जास्त लागली होती. मला ते खटकलं. पण तिने लगेच गुंडाळी होती तशी करून ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरच्या मुठीला आतल्या बाजूने शिवणाचा निळा खडू चोळला आणि मला सांगितलं, "सापळा आहे. हे बाहेर गेलं, तर तुझी जीभ काजं-बटणाच्या टाक्याने शिवून टाकीन."

मी घरी आलो आणि गप्प बसलो. माझ्या बायकोने संध्याकाळी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, बरं वाटत नाहीये का? आल्यापासून कुणाविषयी काही बोलला नाहीत."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो. मेणबत्ती लागली, वाचन झालं, सगळे जेवायला बसले. आणि टाचणीबाईने पाण्याच्या पेल्याकडे बघत सुरुवात केली.

"काही काही घरांत देवाची लेकरं लाकडाची असलेली चालत नाहीत. चालत नाहीत तर नाहीत. पण म्हणून दुसऱ्याच्या घरातली नाहीशी करायची?"

सून ताटात बघत राहिली. लिफ्टवाला चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, काय नाहीसं झालंय?"

"मी कुठे काय म्हणाले? मी आपली पेल्याशी बोलतेय."

"पेल्याशी बोलू नकोस. काय असेल ते नाव घेऊन बोल. आणि नाव घेणार असशील तर आधी विचार कर. तिचं नाव घेतलंस ना, तर नाताळला आम्ही दोघं तिच्या आईकडे. हा गोठा, ती गव्हाण, तू आणि तुझी ती मेंढरं, बसा एकमेकांकडे बघत."

हा मुलगा एका दमात एवढं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. टाचणीबाईने ओठ मिटले. टाचण्या नव्हत्या, तरी टाचण्या असल्यासारखे. मला कळलं, ती थांबलीय, पण सोडलेलं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर, ती ती गुंडाळी सोडणार आणि रिळालाच बोलायला लावणार. तिने स्वतः नाव घ्यायची गरजच नाही. आणि मग सासऱ्यांच्या काळापासून कधी न मोडलेली संध्याकाळ मोडणार. मुलगा बायकोला घेऊन जिना उतरणार आणि म्हातारी रिकाम्या गव्हाणीसमोर उभी. संशय माझाही सुनेवरच होता, खोटं कशाला सांगू? ती रोज डबा घेऊन जायची, आणि हल्ली तो डबा फार जपून, छातीशी धरून नेत होती.

त्या डब्याचा पत्ता मला माझ्या दाढेने लावून दिला. दाढ ठणकायला लागली म्हणून मी दातांच्या दवाखान्यात गेलो. नंबर यायला वेळ होता. बसल्या जागी बसून राहणं मला जमत नाही, म्हणून सहज मागच्या खोलीत डोकावलो. टेबलावर ओळीने कवळ्या, मेणाचे गोळे, प्लास्टरचे साचे, घासायच्या सुया. आणि त्या सगळ्या हसऱ्या दातांच्या मधोमध, कापसाच्या गादीवर, बाळ येशू.

सून त्याच्यावर वाकली होती. मला पाहून दचकली.

"काका! दार लावा."

दार लावलं. बाळाला मी आयुष्यात पहिल्यांदा फडक्याविना पाहत होतो. काय सुंदर कोरलं होतं सुताराने! पोटाची गोलाई, गुडघ्यांवरच्या वळ्या, डाव्या हाताची मूठ. उजव्या मनगटापुढे मात्र काहीच नव्हतं.

"गेल्या वर्षी सगळं आवरताना मी बाळाला पुसत होते," ती म्हणाली. "आई स्वयंपाकघरात होत्या. फडकं सुटलं आणि हात माझ्या हातात आला. मला वाटलं, मी तोडला. घाबरून तसाच गुंडाळून ठेवला. वर्षभर झोप नाही मला, काका. यंदा म्हटलं, कुणाला न सांगता नवा बसवायचा. पण हे बघा."

तिने टेबलाच्या खणातून कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर उघडली. आत वाटाण्याएवढी मूठ. लाकडाची नाही. कापडाची! आत कापूस भरलेला, वरून मेण चोळलेलं, बोटांच्या जागी बारीक बारीक टाके, आणि मनगटातून आरपार गेलेली एक गंजलेली, वाकलेली टाचणी.

त्या घरात टाचणीने हात जोडणारं माणूस एकच होतं. आपणही कधीकाळी त्या घरात नवीन आलेलं माणूस होतो, आपल्याही हातात कुणीतरी ते बाळ दिलं होतं, हे टाचणीबाईने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते गळ्यापर्यंतचं फडकं मला कळलं.

"अगं, मग सांगून टाक ना त्यांना! एवढं ऐकून घेतेस ते कशासाठी?"

"सांगितलं तर त्यांचं गुपित उघडं पडेल. सासरे, नवरा, सगळ्यांपासून लपवलंय त्यांनी." मग ती म्हणाली, "आमच्याकडे मूर्ती नव्हत्या. मला आधी वाटायचं, लाकडाच्या बाळात एवढं काय आहे. पण रोज सकाळी गव्हाण आदल्या दिवसापेक्षा थोडी भरलेली दिसते, आणि कुणी काही बोलत नाही. मला ते फार आवडलं, काका. देवाला तेच दिसत असेल ना? तुम्ही कुठे बोललात, तर माझा धागा गेला."

अशा रीतीने एका बाजूने सासूने आणि दुसऱ्या बाजूने सुनेने माझ्या तोंडाला टाका घातला. इमारतीतल्या सगळ्यांत मोठ्या दोन बातम्या माझ्या पोटात, आणि मी जिन्यात भेटेल त्याच्याशी हवापाण्याविषयी बोलतोय! लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

नवा हात काही पटकन होईना. पहिला मोठा झाला, बाळ मुष्टियुद्धाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. दुसरा पॉलिश करताना उडाला, तो अजून सापडलेला नाही, एखाद्या पेशंटच्या कवळीत बसला असेल तर देव जाणे. तिसरा बसला. पण तो नाताळच्या आदल्या दुपारी. आणि आता अडचण अशी, की टाचणीबाई मशीनसमोरून हलेना.

तिला तिथून उठवायचं काम माझ्याकडे आलं. मी माझी चर्चची पँट घेतली, मागची शिवण स्वतःच्या हाताने उसवली आणि जाऊन उभा राहिलो. "आत्या, संध्याकाळी घालायची आहे. आटली हो धुण्यात."

एवढं ऐकून ती टेप घेऊन उठलीच. आरसा बाहेरच्या खोलीत. तिने कंबर मोजली, मी पोट आत घेतलं. तिने परत मोजली, मी पोट सोडलं.

"एकदा ठरव, तू किती आहेस ते."

"मापात राहायचा प्रयत्न करतोय, आत्या."

"आयुष्यात पहिल्यांदा. हलू नकोस. आत काय आवाज झाला?"

"माझं पोट."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की पुढचा सगळा वेळ मी श्वासच घेतला नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे त्या खोलीत जमलो. खिडकीवरची चादर तिने स्वतः काढली. दिवे मालवले, फक्त मेणबत्त्या. मग तिने जाहीर केलं, "यंदा बाळाला मी आणणार."

"नवीन माणसानं आणायचं असतं ना?" मुलगा म्हणाला.

"यंदा मी."

ती आत गेली आणि गुंडाळी घेऊन आली. सून मेणबत्ती धरून उभी होती, आणि मेणबत्तीच्या उजेडात तिच्या बोटांची टोकं निळीशार दिसत होती. खडू! टाचणीबाईने ती बोटं पाहिली. तिचे डोळे लकाकले. तिने तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं आणि परत मिटलं. मग अगदी सावकाश, एकेक वेढा सगळ्यांना दिसेल असा सोडत, तिने फडकं उलगडलं.

आत बाळ येशू होता. उघडा. डावी मूठ लाकडाची, आणि उजवा हात सरळ वर आलेला, पाचही बोटं मोकळी, ताज्या हिरड्यांसारखा गुलाबी.

टाचणीबाई त्या हाताकडे बघत राहिली. अंगठ्याने तिने त्याचं मनगट चाचपलं. टाचणी नव्हती. मग तिची नजर गव्हाणीत गेली. हिरव्या, पिवळ्या, काळ्या धाग्यांच्या अंथरुणात, जिथे बाळाचं डोकं यायचं अगदी तिथे, उशीसारखी एक चिमुकली कापडाची मूठ ठेवलेली होती. आम्हा तिघांना सोडून बाकी कुणाला ती चिंधीच वाटली असणार.

माफीची वेळ आली. दरवर्षी टाचणीबाई "झालं-गेलं सोडा" असं सगळ्यांना मिळून एकदाच म्हणते आणि मोकळी होते. यंदा ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"मी तुझ्यावर आळ घेतला. तोंडानं अर्धा घेतला, मनात पुरा घेतला. दोन्हीसाठी मला माफ कर."

"आई, मीही रीळ ठेवून तुम्हाला फसवलं. मलाही माफ करा."

"कसलं रीळ?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"तू बाळाकडे बघ," दोघी एकदमच म्हणाल्या.

मग तिने बाळ सुनेच्या हातात दिलं. वाचन मुलाने केलं. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, हे वाचताना त्याचा आवाज नेहमीसारखा अडकला. सुनेने बाळाला धाग्यांवर निजवलं, त्याचं डोकं त्या मुठीवर टेकवलं. टाचणीबाई फडकं घेऊन पुढे झाली. मला वाटलं, आता परत गळ्यापर्यंत गुंडाळणार. तिने ते पोटापर्यंतच घातलं. दोन्ही हात बाहेर.

नाताळच्या सकाळी चर्चमधून परतताना जिन्यात तिची गाठ पडली. सून पुढे चढत होती. इतके दिवस शिवलेलं तोंड आता उघडायला हरकत नव्हती, म्हणून मी हळूच म्हटलं, "काय आत्या, बसला ना आता सुनेवर विश्वास?"

तिने आधी वर पाहिलं, सून दाराशी पोचली याची खात्री करून घेतली, आणि म्हणाली, "विश्वास मी देवावर ठेवते. सुनेवर लक्ष ठेवते. माझ्या नाकाखाली एवढं चांगलं काम करून गेली आणि मला पत्ता लागू दिला नाही. असली बाई आणखी काय काय करत असेल, ते शोधून काढायला नको?"